पाच, दहा, वादळ

सावाको,

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी, तू ऑफिसात पोचायच्या आधी, यंत्रातल्या तुझ्या फोल्डरचं नाव मी बदललं. 'होन्मा' पुसून 'इगाराशी' लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. इतरांनी तुझ्या खुर्चीमागची पाटी बदलली, चहाच्या कपावरची चिकटपट्टी बदलली, हजेरीच्या तक्त्यावरचं नाव बदललं. मला वाटलं, यंत्रातलं तेवढं माहेरचं कशाला राहू द्यायचं. पाच मिनिटांचं काम होतं. करून मी चहाची भांडी विसळायला गेले.

हे पत्र सांजो गावातल्या आम्हा निवृत्तांच्या अंकात छापून येणार आहे, तेव्हा तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही इथे सांगाव्या लागतील. कपाळाला आठ्या घालू नकोस. अर्थात त्यासाठी तुला कधी निमित्त लागलं नाही.

तू आमच्याकडे, गावातल्या कारखान्यांना प्रोग्राम लिहून देणाऱ्या लहानशा ऑफिसात, आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. मागच्या गल्लीतल्या होन्मांची धाकटी. वडील कानशी बनवायचे, दिवसभर छिन्नीने एकेक दात पाडत बसायचे, आणि तो टक-टक आवाज तुझ्या बोटांत उतरला होता. विचार करताना टेबलावर पेन्सिल आपटायचीस. दुपारचा भाताचा गोळा तू कधी बसून खाल्लेला मला आठवत नाही; खिडकी ते प्रिंटर, प्रिंटर ते खिडकी, तोंड चालू आणि पायही चालू. साकाझुमे-सान, म्हणजे आमचे मालक, पहिल्या आठवड्यात मला विचारून गेले की या मुलीला खुर्ची मिळाली आहे ना. तू व्यापारी शाळेतून आलेली, मी गणितात पदवी घेतलेली, आणि पहिले सहा महिने हा फरक तुझ्या लक्षात राहील याची मी नीट काळजी घेतली. सातव्या महिन्यात तू माझ्या प्रोग्राममधली चूक काढलीस, तीही सगळ्यांसमोर, तोंडात भात असताना.

मग आठ वर्षांनी, दोन हजार सालच्या ऑक्टोबरात, तुझं लग्न झालं. नवरा नदीकाठचा नाशपातीवाला इगाराशी यासुओ. आमच्या गावात 'इगाराशी-सान' अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो, त्यामुळे कोणते इगाराशी हे सांगावंच लागतं. तेव्हा आमच्याकडे मुली लग्न झालं की नोकरी सोडायच्या. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण साकाझुमे-सानांनी निरोपाचा गुच्छ आधीच सांगून ठेवला होता. त्या सोमवारी तू होक्काइदोहून आणलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन आलीस, ती सगळ्यांना दिलीस, जाऊन आपल्या जागेवर बसलीस आणि विचारलंस, "भट्टीचा तक्ता आला का?" साकाझुमे-सान गुच्छ पाठीमागे धरून उभे होते. शेवटी त्यांनी तो मोरीजवळच्या बादलीत ठेवला. सुकेपर्यंत तिथेच होता, आणि येता-जाता प्रत्येक जण आधी त्याच्याकडे आणि मग तुझ्याकडे बघायचा.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण तू कधी सोडतेस याची वाट बघत सगळे थांबले होते. तुझ्या सासूबाईही थांबल्या होत्या. दर शुक्रवारी ऑफिसात फोन करून अगदी गोड आवाजात विचारायच्या, सूनबाईंचं काम आणखी किती दिवसांचं आहे. फोन बहुतेक मीच उचलायची. मी म्हणायची, विचारून सांगते. तुला विचारलं की तू म्हणायचीस, "निवृत्तीपर्यंतचं आहे म्हणून सांगा." तसं सांगायचं माझं धाडस कधी झालं नाही.

तुझ्याकडे त्सुरुमाकींच्या भट्टीचं काम होतं. त्सुरुमाकी छाटणीच्या कात्र्यांना पाणी द्यायचे. पातं लालभडक तापवून तेलात विझवायचं आणि मग पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. ही दुसरी आच कमी पडली तर पातं काचेसारखं तडकतं. कोणत्या पोलादाला किती आच आणि किती वेळ, याचा कागद रोज सकाळी आमचा प्रोग्राम भट्टीशेजारच्या यंत्रावर छापून द्यायचा. नोव्हेंबरात नवं पोलाद आलं. त्याला एकशे सत्तर अंश पुरत नव्हते, दोनशे लागत होते. तू पोलादांचा तक्ता बदललास, दोनदा तपासलास, आणि मला हाक मारून पडद्यावर पेन्सिल टेकवून दाखवलंस. दोनशे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आठवड्याने त्सुरुमाकी आले. बूटही न काढता सरळ आत आले, खिशातून नवी कोरी कात्री काढली, पातं टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने दाबलं आणि त्याचे दोन तुकडे तुझ्यापुढे ठेवले. मग सकाळचा छापील कागद ठेवला. त्यावर एकशे सत्तर होतं.

"पोरी, लग्न तुझं झालंय," ते म्हणाले, "भट्टी का थंड केलीस?"

तू म्हणालीस, मी बदललंय. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. तू आपल्या यंत्रावर प्रोग्राम चालवून दाखवलास: दोनशे. मग ते तुला हाताला धरून भट्टीवर घेऊन गेले आणि तिथल्या यंत्रावर चालवायला लावलं: एकशे सत्तर. परत आलीस तेव्हा तुझ्या पायांत एक वहाण भट्टीवरची होती आणि एक ऑफिसातली.

साकाझुमे-सानांनी तुझ्याकडून खुलाशाचं पत्र लिहून घेतलं. आमच्याकडे ते हाताने, सुवाच्य अक्षरात लिहायचं असतं: माझ्या दुर्लक्षामुळे असं झालं, पुन्हा होणार नाही. तू लिहिलंस. 'दुर्लक्षामुळे' हा शब्द लिहिण्याआधी तू पेन्सिल इतक्या वेळा आपटलीस की पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी खाकरलं. मग तू तक्ता पुन्हा जागेवर ठेवलास, पुन्हा तपासलास. दहा दिवसांनी दुसरी खेप गेली आणि तीही तडकली. कागदावर पुन्हा एकशे सत्तर.

दुसऱ्या खुलाशाच्या वेळी साकाझुमे-सान आवाज न चढवता बोलले, आणि तेच जास्त वाईट होतं. नव्या संसारात लक्ष विभागतं, हे नैसर्गिक आहे, कोणी दोष देत नाही, असं म्हणाले. तिसरी खेप पंधरा डिसेंबरला भट्टीत जाणार आहे, ती बिघडली तर नव्या वर्षापासून घरीच थांबणं सगळ्यांच्या सोयीचं होईल, असंही म्हणाले. तू वाकून नमस्कार केलास आणि बाहेर आलीस. ऑफिसातल्या बाकीच्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. मीही नाही.

आता ज्यांनी आयुष्यात प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचं गाव कात्री बनवतं तसाच आम्ही प्रोग्राम बनवायचो. एक जण ठोकतो, दुसऱ्या गल्लीतला घासतो, तिसऱ्याकडे मुठी तयार असतात. मुख्य प्रोग्राम अगदी आखूड असतो, तो फक्त मागण्या करतो: पोलादांचा तक्ता आणा, आजची तारीख आणा, छापणारा भाग आणा. या भागांना मॉड्यूल म्हणतात. ते आणायचं काम रनटाइमचं, म्हणजे प्रोग्राम ज्याच्या आधाराने चालतो त्याचं. तो कुठे शोधतो याचा क्रम ठरलेला असतो. आधी आपण उभे आहोत त्याच फोल्डरात. तिथे नसेल तर यादीतल्या पहिल्या घरी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्या नावाची वस्तू जिथे पहिल्यांदा हाताला लागेल तिथून ती उचलतो आणि शोध थांबवतो. ती कधीची आहे हे विचारत नाही. यादीतलं एखादं घर मुळात अस्तित्वातच नसेल तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पुढच्या दारी जातो.

ती यादी माझी होती. पहिलं घर तुझा फोल्डर, दुसरं सगळ्यांचं सामाईक कपाट. तुझ्या फोल्डरचं नाव बदललं तेव्हा यादीतही मी तेच नाव नीट लिहिलं होतं. माझ्याकडून काही चुकलं असेल हे म्हणूनच माझ्या डोक्यात आलं नाही. आणि सामाईक कपाटात पोलादांच्या तक्त्याची गेल्या वर्षीची प्रत मीच टाकून ठेवली होती, असू दे म्हणून.

डिसेंबरचे ते पहिले दहा दिवस मला नको आठवायला. बर्फ लवकर पडलं होतं. तू सकाळी सगळ्यांच्या आधी यायचीस, स्टोव्हपाशी उभी राहायचीस, परत जागेवर जायचीस, परत स्टोव्हपाशी. स्वतःच्या फोल्डरात जाऊन प्रोग्राम चालवलास की दोनशे. दुसऱ्या कोणी कुठूनही चालवला की एकशे सत्तर. फोल्डर उघडला की तुझा नवा तक्ता डोळ्यांसमोर होता, तारखेसकट. तू मला तीन वेळा बोलावून दाखवलास. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, तू दोन ठिकाणी साठवलं असशील आणि विसरली असशील, होतं असं. तू माझ्याकडे बघितलंस आणि आपल्या जागेवर गेलीस. त्या दिवशी तू खिडकीपर्यंतही फिरली नाहीस. भात पिशवीतच राहिला.

मला तुझं खरं वाटलं नव्हतं. गणिताची पदवी असलेल्या बाईला, एकच तक्ता एकाला दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही यापेक्षा नवीन नवरी विसराळू झाली हे जास्त पटलं. असा माझा हिशोब.

बारा तारखेला दुपारी सगळे करी घातलेल्या रामेनच्या शेवया मागवून खात होते. तू वाटीला हात लावला नव्हतास. तू रनटाइमलाच बोलतं केलं होतंस. तो जिथे जिथे दार ठोठावतो त्या प्रत्येक घराचा पत्ता कागदावर छापायला लावलास. दोन पानं निघाली. तू ती हातात घेऊन फिरत वाचत होतीस, ओठ हलत होते. आणि मग खोलीच्या मधोमध थांबलीस.

"दहा कुठे गेले?"

कोणाला काही कळलं नाही. कोणीतरी म्हणालं, दहा नव्हे, आपण सातच आहोत. तू माझ्यापुढे कागद ठेवलास, माझी वाटी सरकवून. इगाराशी हे तुझं आडनाव आमच्या लिपीत तीन अक्षरांनी लिहितात, आणि त्या अक्षरांचे अर्थ आहेत: पाच, दहा, वादळ. पन्नास वादळं. कागदावर छापलं होतं: पाच, मग एक ठिपका, मग एक तिरपी रेघ, मग वादळ. दहा नव्हते.

"माझ्या घराचे दोन तुकडे केलेत याने, कुमाकुरा-सान. हा 'पाच' नावाच्या घरात शिरून 'वादळ' नावाची खोली शोधतोय. असं घरच नाही. मग जातो कपाटाकडे, आणि तुमची जुनी प्रत उचलून आणतो."

जन्माने इगाराशी असलेल्या कोणाला ते दिसलं नसतं. ते लोक आपलं नाव एका दमात वाचतात. तुझ्या अंगावर ते नाव अजून नवं होतं, आणि तू अजून त्यातली अक्षरं मोजत होतीस.

पुढचं मी बसल्या जागी ओळखलं, आणि माझे कान तापले. तो रनटाइम लिहिणाऱ्यांच्या देशात एक अक्षर यंत्राच्या स्मृतीतल्या एका खणात मावतं. आपल्या अक्षराला दोन खण लागतात. 'दहा' या अक्षराचा दुसरा खण आणि दोन फोल्डरांमध्ये आपण जी येनची खूण घालतो ती (छापताना रनटाइम तिचीच तिरपी रेघ करतो), यंत्राच्या लेखी एकच. त्या रनटाइमने एकेक खण वाचत जाऊन 'दहा'च्या पोटातच कुंपण घातलं. माणसाने माऊसने फोल्डर उघडला तर तो उघडतो, कारण तो उघडणाऱ्याला आपली लिपी येते. रनटाइमला येत नव्हती. होन्मा होतीस तोवर तुझ्या नावात असं अक्षर नव्हतं. माझ्या नावात नाही, साकाझुमेंच्या नाही. आमच्याकडे आधीही एक इगाराशी होते, पण ते माल पोचवायचे, त्यांचा कधी फोल्डर नव्हता.

मी म्हटलं, नाव मी बदललं होतं. तू म्हणालीस, माहीत आहे, तारीख बघितली मी. आणि बसून रामेन खायला लागलीस. बसून.

फोल्डरचं नाव तू रोमन अक्षरांत लिहिलंस आणि माझी जुनी प्रत कपाटातून काढून टाकलीस. पंधरा तारखेला भट्टीवर आम्ही दोघी उभ्या होतो. कागदावर दोनशे आलं. त्सुरुमाकींनी पहिल्या घाण्यातली कात्री काढून अंगठ्याने दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली, मग गुडघ्यावर घेतली. ती वाकली आणि सरळ झाली. घडलेलं सगळं तू त्यांना समजावून सांगितलंस. 

"म्हणजे तू होन्माच राहिली असतीस तर माझ्या कात्र्या वाचल्या असत्या."

"मग यासुओला होन्मा करायला हवं होतं," तू म्हणालीस.

"अजून वेळ गेलेली नाही. त्याच्या आईला मी विचारतो." आणि ते इतके हसले की खोकला आला. माफी त्यांनी मागितली नाही. पण पुढे वीस वर्षं भट्टीचं काही अडलं की ते फक्त तुलाच बोलावायचे. दुसरं कोणी गेलं तर दारातूनच विचारायचे, वादळीणबाई कुठे आहेत.

तुझी खुर्ची राहिली. नव्या वर्षी तू कामावर आलीस, सासूबाईंचे फोन हळूहळू कमी झाले आणि मग नाशपातींची पेटी यायला लागली. तुला दोन मुलं झाली, दोन्ही वेळा तीन महिन्यांत परत आलीस. मागच्या वर्षी कामाला तेहतीस वर्षं झाली म्हणे, आणि अजून उभ्यानेच जेवतेस, असं तिथल्या मुली सांगतात.

पण डिसेंबरच्या त्याच आठवड्यात साकाझुमे-सानांनी भिंतीवर एक सूचना लावली. 'फोल्डरांची नावं यापुढे फक्त रोमन अक्षरांत लिहावीत. इगाराशी दोष टाळावा.' त्यांच्या मनात वाईट नसावं. दोष इगाराशी या अक्षरांत होता, म्हणून इगाराशी दोष. पण ऑफिसात इगाराशी एकच होती. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो कागद दाखवायचे, आणि तो तुझ्याकडे चोरून बघायचा: म्हणजे हिने तो घोळ घातला होता. तुझी ती दोन खुलाशाची पत्रंही फाइलीत तशीच होती, सुवाच्य अक्षरात, दुर्लक्षामुळे.

सूचना लागली त्या संध्याकाळी, पाच वाजता, तू कोट घालून माझ्या टेबलाशी आलीस. म्हणालीस, चला, आत जाऊन त्यांना सांगू या, नाव कोणी बदललं आणि जुनी प्रत कोणाची होती. म्हणजे ते कागद उतरवतील आणि पत्रं परत देतील. मालकांना कळलं होतं की अक्षर फुटलं. ते फोडायला कोणी ठेवलं, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आज ते घाईत आहेत, उद्या जाऊ. तू म्हणालीस, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी ते नागाओकाला गेले होते. मग वर्षअखेरीची आवराआवर होती. मग नवं वर्ष, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी असलं काय बोलायचं. तू दोनदा नुसतं माझ्याकडे बघितलंस. तिसऱ्यांदा बघितलं नाहीस. मी पंधरा वर्षांनी निवृत्त झाले, तेव्हा मला गुच्छ दिला, त्या भिंतीसमोर उभं करून फोटो काढला. तो कागद माझ्या डोक्याच्या वर दिसतो. पिवळा पडला आहे, पण वाचता येतो.

साकाझुमे-सान आता ब्याण्णव वर्षांचे आहेत. स्टेशनमागच्या वृद्धाश्रमात असतात, माणसं ओळखतात, भेटायला बुधवारी आणि शनिवारी दुपारी जाता येतं. तू मागच्या आठवड्यात फोनवर विचारलंस की या बुधवारी त्यांना सांगायला जाऊ या का दोघी, तू अर्धा दिवस रजा काढतेस. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय. गुडघा खरंच दुखतो, पण बस दारासमोर थांबते. आज बुधवार आहे, आणि मी घरी बसून हे लिहिते आहे. दोन वाजून गेले.